सुमंतकाकांची चौकशी

मेल स्पॅममध्ये पडला होता. वर पडद्यांवर भरघोस सूट, खाली गुडघेदुखीचं तेल, आणि मधे राज्याच्या पोलीस खात्याचं पत्र. मी आधी ते उडवूनच टाकणार होते. हल्ली कोण कुणाच्या नावानं काय पाठवील सांगता येत नाही; मागे माझ्या मैत्रिणीला, पद्मजाला, कस्टम्सच्या नावानं फोन आला आणि ती बिचारी संध्याकाळभर रडत होती. पण विषयाच्या ओळीत सुमंत दाबके असं नाव होतं, आणि फसवणारा कितीही बेरकी असला तरी दाबके हे आडनाव त्याला सुचणार नाही. उघडलं. श्री. दाबके यांनी बंदूक विकत घेण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे, त्यांना चांगलं ओळखणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव दिलं आहे, खालच्या लिंकवर जाऊन काही प्रश्नांची उत्तरं द्यावीत, उत्तरं गोपनीय राहतील. मी ऑफिसात होते, डेस्कवर डबा उघडा, त्यात भेंडी. मला चक्क हसू आलं. सुमंतकाका आणि बंदूक! घरात कोळी शिरला तर त्याला कागदी कपात घेऊन बाहेर झाडाखाली सोडून येणारा माणूस, आणि वर त्याला 'जा बाबा' म्हणणारा. शेजारच्या क्यूबिकलमधला गोरा मुलगा वळून बघायला लागला, तेव्हा मी भेंडी तिखट झाल्यासारखं तोंड केलं.

आमच्या राज्यात ही पद्धत नवीनच. पूर्वी म्हणे कागदी अर्ज असायचा, तो घेऊन पोलिसांकडे खेटे घालायचे, बोटांचे ठसे द्यायचे, मग महिनोन्‌महिने वाट बघायची. ज्यांची नावं दिली त्यांना पत्रं जायची, आणि ती बहुधा कुणी उघडायचंच नाही. आता सगळं ऑनलाइन. बातम्यांत मध्यंतरी तेच दळण चाललं होतं. एक बाजू म्हणत होती हे फार झालं, दुसरी म्हणत होती हे काहीच नाही, आणि मी सोफ्याच्या फटीत रिमोट शोधत होते. आपला काय संबंध? पण अशा सिस्टीम पोटात कशा चालतात ते मला ठाऊक आहे, कारण माझी नोकरीच ती. औषधांच्या कंपनीत नवी सिस्टीम वापरात येण्याआधी ती सांगितल्याप्रमाणे वागते का, ते मी तपासते. त्यामुळे काकांचा अर्ज कुठून कुठे फिरला असेल ते मला दिसत होतं. गुन्ह्यांच्या नोंदी, कोर्टाचे मनाई हुकूम, सक्तीनं हॉस्पिटलात ठेवल्याच्या नोंदी, प्रत्येक विहिरीत बादली सोडायची आणि काही वर येतंय का बघायचं. काकांच्या नावानं काय येणार, कपाळ! जन्मभर राज्याच्या हायवे खात्यात पूल तपासले, टॅक्स वेळेवर भरले, गाडी कधी लिमिटच्या वर नेली नाही. मशीनला तेवढंच कळतं जे कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलंय, आणि काकांबद्दल कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून शेवटी त्यानं मला विचारलं होतं. अर्जदाराच्या हाती बंदूक देऊ नये असं एखादं कारण तुम्हाला माहीत आहे का? हो किंवा नाही. हो म्हटलं तर खाली लिहायला जागा. मी खिडकी बंद केली, डबा धुऊन आणला. दुपारी मीटिंगमध्ये मला दोनदा नाव घेऊन हाक मारावी लागली, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

फ्रीवेवर नेहमीसारखं तुंबलं होतं, आणि तुंबलेल्या गाडीत माझ्या डोक्यात नेहमी नाशिकचं घर येतं. का येतं कोण जाणे. बाबा फोनपाशी उभे, फोनची वायर बोटाला गुंडाळत, आणि मी आतल्या खोलीत कान देऊन. माझ्या स्थळाची चौकशी चालली होती. मुलगा अमेरिकेत फ्रिस्कोत होता, पगार चांगला, पत्रिका जुळलेली. आता राहिली होती फक्त माणसाची खात्री. ती कुणाला विचारायची? तर पुण्यात त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांना. बाबा या टोकाला नुसतं 'हो का, वा वा, बरं बरं' म्हणत होते, आणि फोन ठेवून आईला म्हणाले, "अगदी सरळ मुलगा आहे. मान वर करून बोलत नाही." झालं, साखरपुडा ठरला. ज्या भिंतीला भिंत लागून ती माणसं राहत होती, त्याच भिंतीतून त्यांनी ताटं आपटल्याचे आवाज ऐकले होते, त्याच्या आईचं रडणं ऐकलं होतं. हे मला पुढे त्या शेजारीणबाईंनीच सांगितलं, माझा घटस्फोट झाल्यावर, पुण्यात कुणाच्यातरी लग्नाच्या पंगतीत. "आम्हाला कल्पना होती गं," त्या म्हणाल्या, "पण आपण कशाला कुणाचं जमत आलेलं मोडा?" असं म्हणून माझ्या पानात त्यांनी आग्रहानं जिलबी वाढली. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी जिलबी खाल्ली, चांगली झाली होती. राग पुढे कधीतरी आला, डिशवॉशरमध्ये ताटं लावताना, आणि एकदा आला तो काही वर्षं राहिला.

फ्रिस्को सोडून मी इकडे आले ती दोन बॅगा घेऊन. कुणीतरी शोभनाकाकूंचा, सुमंतकाकांच्या बायकोचा, नंबर दिला होता, काकू कुणाच्या काकू आणि कशा काकू ते मला अजून माहीत नाही. त्यांनी दार उघडलं, बॅगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आधी जेवून घे." मी त्यांच्या बेसमेंटमध्ये अख्खा हिवाळा काढला. सुमंतकाकांनी मला बर्फात गाडी चालवायला शिकवलं, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, गाडी घसरली की मी किंचाळायचे आणि ते शांतपणे म्हणायचे, "ब्रेक दाबू नकोस. जिकडे जातेय तिकडेच चाक वळव. येईल ताळ्यावर." त्या सबंध हिवाळ्यात त्या दोघांनी मला एकदाही विचारलं नाही की नवऱ्याला का सोडलंस. इथल्या मराठी मंडळाच्या बायका विचारून विचारून थकल्या, कुणी सरळ, कुणी आडून. काका-काकूंनी नाही. हे किती मोठं होतं ते ज्याच्या पाठीवर सारख्या नजरा असतात त्यालाच कळेल. तेव्हापासून आमच्यात एक अलिखित रीतच पडून गेली. आम्ही एकमेकांना काही विचारत नाही. गेल्या वर्षी काकूंच्या आजाराचं निदान झालं तेव्हाही मी रिपोर्ट विचारला नाही, फक्त आमटी करून नेत राहिले. त्या गेल्या तेव्हा फ्यूनरल होममध्ये काका माझ्या शेजारी बसले होते, आणि आम्ही दोघंही समोरच्या फुलांकडे बघत होतो. ही रीत मला आवडत होती. माझा स्वभावच तसा झालाय म्हणा ना. लोक मला 'वीणाला कशाचं काही वाटत नाही' म्हणतात, आणि ते ऐकून मला मनातल्या मनात बरं वाटतं.

घरी पोचते तो पद्मजाचा फोन. "तुला आला का गं काकांचा मेल? मी लगेच भरून टाकला बाई! दोन मिनिटांचं काम. सगळीकडे नो, नो, नो. आणि शेवटी लिहिलं, ही इज लाइक अ फादर टू अस."

"पण बंदूक कशाला हवीय त्यांना?" मी विचारलं.

"अगं चोऱ्या नाही का होत! आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक झालंय. दिवाळीत त्या नेत्राकडे झालीच की. काका एकटे असतात यार, मला तर बरंच वाटलं. आणि आपण काही वाकडं लिहिलं तर किती वाईट दिसेल!" मग ती मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाकडे वळली, बटाटेवडे कॅन्सल केलेत, आता कटलेट. मी हूं हूं करत होते. फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप उघडला, लिंकवर गेले आणि 'नाही'वर बाण नेऊन ठेवला. क्लिक करायचं एवढंच बाकी होतं. बरोबर होतं तिचं, वाईट दिसलं असतं. आपल्याकडे कुणी कुणाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, माणूस चांगला आहे, घरचे चांगले आहेत. आणि काका तर खरंच चांगले. सोनं, पद्मजा म्हणाली होती. पण काकूंचं सोनं तर काकांनी दिवसकार्य झाल्यावर लगेच इलाला देऊन टाकलं, पाटल्यांपासून कुड्यांपर्यंत सगळं. इला त्यांची मुलगी, शिकागोला असते, तिनं ते बँकेत ठेवल्याचं मला स्वतः सांगितलं होतं. मग चोर आला तर नेणार काय?

तिथून एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे यायला लागली, आणि यायला नको होती असं मला वाटत होतं. काकांनी त्यांची पुस्तकं मंडळाच्या लायब्ररीला दिली. सतार मंडळातल्या कुमारच्या मुलीला दिली. चांदीची भांडी, काकूंच्या साड्या, बागेची अवजारं, मोठा टीव्ही. मला त्यांनी काकूंचं पुरणयंत्र आणून दिलं, फडक्यात गुंडाळून, आणि मी 'अहो असू द्या तुमच्याकडे' सुद्धा म्हटलं नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमात कुमारनं माइकवरून सांगितलं की आपण सगळे नुसतं वैराग्य वैराग्य म्हणतो, पण सुमंतकाकांनी ते करून दाखवलं. मोह सोडणं म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. काका पहिल्या रांगेत बसले होते, गळ्यात शाल, आणि हसत होते, पण टाळ्या वाजत असताना त्यांनी घड्याळात बघितलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, किती अलिप्त झालेत, आपल्यालाही म्हातारपणी असं जमायला हवं. अगं बाई! मी खुर्चीतून उठले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाला शाल घातली होती. या देशात जन्मलेल्या एखाद्या शेजाऱ्यानं हे सगळं बघितलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी दार वाजवलं असतं. आम्ही मात्र घरी जाऊन म्हटलं, केवढा मोठा माणूस.

मी इलाला फोन लावला. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, सतत घाईत. "डॅड? ही'ज डूइंग सो वेल, वीणामावशी! ही'ज डिक्लटरिंग. माझ्या फ्रेंड्सचे पेरेंट्स काही फेकत नाहीत, आय'म लाइक, लुक ॲट माय डॅड."

"इला, त्यांनी बंदुकीसाठी अर्ज केलाय."

मागे कुठेतरी पेजर वाजत होता. मग ती म्हणाली, "व्हॉट? फॉर व्हॉट?" आणि मग आवाज बदलून, "यू थिंक..." पुढचं तिनं उच्चारलं नाही. मीही उच्चारलं नाही. मी म्हटलं, आत्ता लगेच जाते, तू फोन जवळ ठेव.

काकांचं घर आमच्या टाउनहाउसेसच्या मागच्या रस्त्याला आहे. ऊन उतरलं नव्हतं, शेजारचे कुणी ड्राइव्हवेत गाडी धूत होते. इथवर पोचेपर्यंत मी शांत होते, म्हणजे शांत आहे असं मला वाटत होतं. बेल वाजवली तेव्हा लक्षात आलं की मी पायात दोन वेगळ्या चपला घालून आलेय. काकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. "ये ये," म्हणाले, "चहा घेशील ना?" आतल्या खोल्या इतक्या रिकाम्या होत्या की आमचं बोलणं भिंतींना लागून परत येत होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, काकूंचा फोटो. आम्ही चहा घेतला. थंडी यंदा लांबली, ते म्हणाले. हो ना, मी म्हटलं. अशाच बोलण्यावर आम्ही कित्येक वर्षं काढली होती, आणि ही संध्याकाळही निघून गेली असती. त्यांनी कप उचलले, सिंकपाशी गेले, आणि पाठमोरे असतानाच मी म्हटलं, "काका, बंदूक कशासाठी हवीय?"

पाणी वाहत राहिलं. "आला वाटतं मेल तुला," ते म्हणाले. "अगं, चोऱ्या किती होतायत."

"तुमच्या घरात चोरण्यासारखं राहिलंय काय?"

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, खुर्चीवर येऊन बसले. जरा हसले सुद्धा. "वीणा, मी तुझं नाव का दिलं माहितेय? पद्मजा, कुमार भोळे आहेत, ते हो ला हो करणार. पण तू हुशार आहेस. तुला कळलं तरी तू विचारणार नाहीस, याची मला खात्री होती."

इतकं थेट मला आजवर कुणी काही बोललं नव्हतं. नवराही नाही. ज्याला मी समंजसपणा म्हणत होते, ज्याच्यावर मी आयुष्यभर खूश होते, तो या माणसानं नीट तपासून, मोजूनमापून कामाला लावला होता. मला भयंकर अपमान वाटला, आणि त्याच वेळी रडायला येत होतं, आणि त्याच वेळी मी पंगतीतल्या त्या बाईंसारखीच दिसत असेन असंही वाटलं. आई म्हणायची, अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. मी बोलले. "काका, तुम्हाला मरायचंय का?"

ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी टेबलावरचा नसलेला कचरा हातानं गोळा केला. "कंटाळा आलाय गं," ते म्हणाले. "सकाळ निघते. दुपार निघत नाही. ती होती तेव्हा दुपार कुठे जायची कळायचंही नाही. कुणाला त्रास न देता, सगळं आवरून सावरून जावं, एवढंच. यात वाईट काय आहे? आपल्यात तर याला पुण्य म्हणतात."

"नाही म्हणत," मी म्हटलं. "याला नाही म्हणत." मला शास्त्र ठाऊक नाही, पण आवाज माझा एवढा मोठा निघाला की मीच दचकले. मी पर्समधून फोन काढला, लिंक उघडली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत 'हो'वर बोट टेकवलं. खाली लिहायच्या जागेत इंग्रजीत लिहीत गेले आणि लिहिता लिहिता त्यांना मराठीत सांगत गेले: पत्नी वारली आहे, सगळं सामान वाटून टाकलं आहे, आत्ता माझ्यासमोर मरायची इच्छा बोलून दाखवली आहे, यांना बंदूक देऊ नका. पाठवलं. स्क्रीनवर धन्यवाद असं आलं.

काका उभे राहिले. त्यांना रागावलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. मानेच्या शिरा वर आलेल्या. "तू कोण लागतेस माझी?" ते ओरडले. "तुला आम्ही घरात घेतलं, एका शब्दानं काही विचारलं नाही, आणि तू? माझ्या घरात बसून? चालती हो! चालती हो इथून!" रिकाम्या घरात ते शब्द केवढे मोठे झाले. आयुष्यात मी कुठूनही जा म्हणायच्या आधीच निघालेली बाई आहे, पार्टीतून, ऑफिसातून, संसारातून. आता मी खुर्चीला धरून बसून राहिले. "नाही जात," मी म्हटलं. ते तसेच उभे. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले, आणि ते बसले, आणि म्हणाले, "मग आता मी काय करू?" हे ते खरोखरच विचारत होते, पत्ता चुकलेला माणूस विचारतो तसं.

मग मी इलाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन टेबलावर त्यांच्याकडे सरकवला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. "डॅड? डॅड, आर यू देअर? आर यू ओके?" तिच्या आवाजात नेहमीची घाई नव्हती. काका फोनकडे बघत राहिले. त्यांनी घसा साफ केला, शर्टाची कॉलर नीट केली, आणि त्यांची मान होकाराकडे झुकायला लागली होती, सवयीनं, हे मला दिसलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, नजर न काढता.

"नाही गं, बाळा," काका म्हणाले. "मी बरा नाहीये."